रोटाच्या खड्ड्याशेजारी

मी एक जुने देवगांडूळ आहे. निदान लोक मला तसे म्हणतात, असे मी ऐकले आहे. आणि ऐकलेल्या गोष्टीवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. नावात गांडूळ असले तरी मी गांडूळ नाही. नावात देव कुठून आला, ते मला आजवर कळलेले नाही. साप तर मी मुळीच नाही. मित्रांनो, मी बेडकाच्या गोतातली आहे. मला पाय नाहीत, शेपूट असून नसल्यासारखे आहे, आणि जांभळट तपकिरी अंगावर कड्याला कडे लावावे तशा वळ्या आहेत. डोळे आहेत, पण त्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे फारसे काही कळत नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक बारीक मिशी आहे. ती मी बाहेर काढते, मातीला लावते आणि आत घेते. चव आणि वास तिच्यामुळेच समजतात. माझ्या सगळ्या संशयाची सुरुवात त्या मिशीपासून होते.

कान मला नाहीत. जे बोलणे माझ्यापर्यंत येते ते मातीतून येते. म्हणून मी सांगेन त्यात थोडा गाळ असेल. तो तुम्ही निवळून घ्या.

माझा जन्म इथला नव्हे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे सह्याद्रीचे डोंगर उतरत उतरत संपायला येतात, तिथल्या एका परसात मी अंड्यातून बाहेर आले. माझी आई अंड्यांभोवती वेटोळे घालून बसली होती, एवढे आठवते. की ती आठवण नसून माझी समजूत आहे? सांगता येत नाही. अंड्यातून निघाल्यावर काही काळ मी ओहोळात होते, माशासारखी. पुढे अंग बदलले आणि मी मातीत शिरले.

त्या घरी पितांबर नानांची बहीण दिलेली आहे. नानांचा मळा इकडे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. मळाभर विकायची केळी; सगळी झाडे सारखी, सगळी एका दिवशी लावलेली. पण श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या मखराला बायकोला देशी केळीचेच खांब लागतात, म्हणून नानांनी बहिणीच्या परसातले मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेले कोंब, खणून पोत्यात भरले. मुनव्यांना चिकटलेल्या ओल्या मातीत आम्ही दोघे होतो, मी आणि माझा जोडीदार. पोते एस.टी.च्या टपावर चढले. माती थरथरायची थांबेना. तेव्हापासून हलणाऱ्या मातीवर माझा भरवसा नाही.

नानांनी ते मुनवे विहिरीजवळ, फिल्टरच्या कडेला लावले. ठिबकचे पाणी विहिरीतून आधी फिल्टरमध्ये येते. आतली वाळू गाळाने भरली की फिल्टर उलट्या पाण्याने धुवावा लागतो, आणि ते गढूळ पाणी एका चरात सोडून देतात. पूर्वी पाटाने पाणी खेळायचे तेव्हा सगळा मळाच ओला असायचा म्हणे. आता प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मोजके थेंब पडतात आणि बाकीची जमीन कोरडी राहते. फक्त आमचा कोपरा बाराही महिने ओला. वरती तोडलेल्या केळीच्या खांबांचा ढीग कुजत पडलेला. मी तिथेच राहिले. माझ्या कातडीला ओल लागते. कातडी सुकली की आमचा श्वास अडतो.

काम म्हणाल तर मी हुमणी खाल्ली, वाळवी खाल्ली, आणि गांडुळेही खाल्ली. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण गांडुळाला तुम्ही शेतकऱ्याचा मित्र म्हणता. मी त्या मित्रालाच खात होते. माझी स्तुती कुणी केली नाही आणि मीही ती मागितली नाही. मी आहे हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि तेच बरे होते.

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास ते ठाऊक झाले.

नानांची सून मोहिनी फिल्टर धुवायला आली होती. तिने चरातला केरकचरा हाताने ओढला आणि त्याबरोबर माझा जोडीदार वर आला.

“अं माय वं! आत्या, दुतोंड्या!”

दुतोंड्या म्हणजे मांडूळ. तो जाड अंगाचा, आखूड शेपटीचा साप. सहा महिने तो एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, अशी लोकांची समजूत. माझ्या जोडीदाराचेही डोके कोणते नि शेवट कोणता, हे घाईत कुणालाही कळले नसते.

सासूबाई इंदिराबाई मळ्यातल्या घराच्या ओट्यावरून म्हणाल्या, “बोंबलू नको. चावना का तुले?”

“याले दोन्हीकडे तोंड शे!”

“मंग कोनता तोंडनी चावना?”

“चावना नही.”

“चावना नही, मंग बोंबलस काबर?”

मोहिनी हसू लागली. तिचे हसू मातीत उतरले तेव्हा मलाही वाटले, की आता तिचा हात सैल होईल आणि तो परत आत येईल. तेवढ्यात नानांची पावले धावत आली आणि कुदळ पडली. एकदाच पडली. माझ्या अंगाला तिचा हादरा अजून आठवतो.

नानांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी सुनेला साप चावतो आहे असे पाहिले. पण त्यांनी नीट पाहिले नाही, हेही खरे.

संध्याकाळी नवल आले. नवल हे नानांचे चुलतभाऊ. त्यांचा मळा बांधाला लागूनच आहे. काठीवर टांगलेला तो देह त्यांनी पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“नाना, मारी टाका? अरे, दुतोंड्याले कोनी मारस का? जिवंत ठेवाना व्हता!”

“कसाले? वरातमा नाचाडाले?”

“हसू नका. लोके इचारत फिरतस त्याले, पैसा मोजतस. आनि याना जोडी ऱ्हास. दुसरा आठेच कोठे तरी शे.”

ते दुसरे म्हणजे मी. काठीवर टांगलेला जीव मांडूळ नव्हता आणि मीही नव्हे, पण हे सांगायला जमिनीवर माझे कुणी नव्हते.

त्या दिवसापासून मळ्यातली माती निराळी वाजू लागली. नवल बांधापाशी येऊन उगाच उभे राहू लागले. एकदा रस्त्यावर एक गाडी थांबली, दोन अनोळखी माणसे उतरली, नवल त्यांच्याशी हळू बोलले आणि गाडी गेली. मांडूळ पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे, हे त्या माणसांना माहीत असावे. कारण त्यांची पावले फार जपून पडत होती. इकडे नानांना वाटू लागले की नवल रोज बांधापलीकडून त्यांच्या मळ्यात डोकावतात. तिकडे नवल आपल्या बायकोला सांगत होते, “नानानी दुसरा लपाडी ठेवेल शे. म्हणीसन ढीग उचलू देत नही.” ढीग नानांनी उचलला नव्हता तो केवळ आळसाने. पण संशयाला आळस पटत नाही. त्याला नेहमी काहीतरी कारण हवे असते.

आणि मला दोघांचाही संशय. आषाढात मी त्याच ढिगाखाली, मातीत एक पोकळी करून अंडी घातली होती. एका तंतूत ओवल्यासारखी अंडी, हरभऱ्याहून थोडी मोठी. जोडीदार जाण्यापूर्वीची ती शेवटची ठेव. या मळ्यात आमच्या जातीचे दुसरे कुणी मला कधी भेटले नाही. ही अंडी गेली तर चोपड्याच्या या मातीत आम्ही होतो हेही कुणाला कळणार नव्हते. मी माझ्या आईसारखे वेटोळे घातले आणि खाणे जवळजवळ सोडले. अंड्यांना बुरशी लागू नये, मुंग्या लागू नयेत, ओल कमी होऊ नये, एवढेच बघत राहिले. आई होणे मला नीट जमते आहे का, ही शंका रोज येई. उत्तर विचारावे असे कुणी जवळ नव्हते.

श्रावण लागला. कानबाईचा रविवार जवळ आला. खानदेशात त्या दिवशी घरोघर कानबाई बसवतात आणि रोट करतात. रोट म्हणजे साऱ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा नैवेद्याचा स्वयंपाक: पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. परक्याने तो खायचा नसतो आणि भाऊबंदाला वगळायचे नसते.

त्या आठवड्यात नाना ओट्यावर बसून म्हणाले, “यंदा नवलले बलावाना नही.”

“काबर?” इंदिराबाईंनी विचारले.

“त्याना डोळा शे मना मळावर. दुतोंड्या शोधी राह्यना तो. मी काय करस माहीत शे? तो ढीग उपसस आनि औसद टाकी देस मातीमा. ना ऱ्हाई दुतोंड्या, ना ऱ्हाई कटकट.”

“कानबाई बसाना पहिले मळामा जहर टाकतस?”

“मंग सोमवारे टाकस. कानबाई उठनी का टाकी देस.”

“आनि नवलले बलावाना पडस. चोर राहो का साव, रोटले भाऊबंद लागतस.”

मला जे कळायचे ते कळले होते. माझ्याजवळ सोमवारपर्यंतचा वेळ होता, आणि अंडी फुटायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी जाऊ शकत होते. चरातून सरकत पलीकडच्या नाल्यात पोहोचू शकत होते. अंडी मात्र येऊ शकत नव्हती.

शनिवारी इंदिराबाई मखरासाठी देशी केळीचे खांब कापायला आल्या. त्यांची पावले मी ओळखते. डावा पाय किंचित घासत येतो. त्यांनी दोन खांब कापले, आणि ढिगावरचा कुजका खांब पायात येत होता म्हणून तो उचलून बाजूला केला. त्या खांबाबरोबर माझ्या पोकळीचे छप्पर गेले.

उजेड अंगावर आला. मी हलले नाही. हलले असते तर अंडी उघडी पडली असती. विळा त्यांच्या हातात होता, हे मला लोखंडाच्या वासावरून कळत होते. मी कुदळीच्या हादऱ्याची वाट पाहत राहिले. माझ्या कातडीतून एक चिकट, कडू स्राव निघतो. मोठ्या शत्रूपुढे त्याचा काय उपयोग, पण तेवढेच माझे शस्त्र.

इंदिराबाई खूप वेळ वाकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “बस, माय. बस.”

त्यांनी खांब होता तसा परत ठेवला. आणि गेल्या.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मला हायसे वाटले असेल. नाही वाटले. त्या नानांना सांगायला गेल्या, असेच मला वाटले. गोड बोलून जाणारी पावले मी विश्वासाने ऐकावीत, असे माझ्या आयुष्यात अजून काही घडले नव्हते.

रविवारी दुपारी त्या पुन्हा आल्या. बरोबर मोहिनी होती आणि हातात खुरपे होते. या घरची एक रीत आहे. रोट खाऊन हात धुतलेले पाणी कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचे नाही. त्यासाठी एक खड्डा करतात, सगळे भाऊबंद त्या खड्ड्यावर हात धुतात, मग तो बुजवतात. पुढचा श्रावण येईपर्यंत त्या जागेवर पाय ठेवायचा नाही आणि कुदळ लावायची नाही.

“आत्या, दर सालले तुळसना मांगे करतस ना खड्डा?” मोहिनीने विचारले.

“यंदा आठे.”

“आठे? फिल्टरपा? काबर?”

“माटी नरम शे. मना हात दुखतस.”

“मंग मी खंदस ना. द्या खुरपं.”

“नको. तू धसमुसळी शेस.”

खुरपे माझ्या शेजारीच मातीत शिरले. अगदी शेजारी, एक बोट इकडे आले असते तर सगळे संपले असते. मला वाटले, काल बघून गेल्या आणि आज बरोबर जागा धरून आल्या. मी वेटोळे आवळले. माती भुरभुर पडत होती. पण खुरपे माझ्या बाजूला आले नाही. ते हळूहळू, कुणी जखमेभोवती हळद लावावी तसे, कडेकडेने फिरत राहिले. तरीही मी म्हणेन की तेव्हा मला ते कळले नाही. भ्यालेल्याला जवळ आलेली वस्तू वारच वाटते.

संध्याकाळी जेवणे झाली. नवल आले होते. पावलांवरून वाटत होते की ते आणि नाना एकमेकांपासून दूर बसले असावेत. एकेक माणूस येऊन खड्ड्यावर हात धुऊन जाऊ लागला. शेवटी ते दोघे आले.

“यंदा खड्डा आठे का?” नवलनी विचारले.

“तिले इचार.”

“नही, दर सालले तुळसपा ऱ्हास म्हणीसन म्हटलं. नाना...”

“काय?”

“आठेच शे का तो?”

“कोन?”

“काही नही. पानी टाका.”

आणि पाणी आले. खड्ड्यातून पाझरत, माझ्या पोकळीच्या भिंतीतून झिरपत आले. मला वाटले, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले ते खोटे होते. हे ते औषध. दुसऱ्या बाजूने एक बोगदा चराकडे जात होता. तिथे माझी जाण्याची वाट मोकळी होती. मी डोके त्या बोगद्यात घातलेही. मग थांबले. मागे अंडी होती. माझे अर्धे अंग अजून त्यांच्याभोवती होते, आणि ते अर्धे अंग सुटेना. मी परत वळले, ओल्या भिंतीला तोंड लावले, मिशी बाहेर काढली. मरायचेच तर निदान कशाने ते कळावे, असा काहीसा वेडा विचार होता तो.

गूळ होता. गहू होता. तूप होते, वेलदोडा होता, आणि माणसांच्या हातांचा खारटपणा होता. विष नव्हते.

मी पुन्हा पुन्हा चव घेतली. विश्वास बसेना.

सोमवारी कानबाईचे विसर्जन झाले. नाना नदीवरून परतले आणि सरळ फावडे नि औषधाचा डबा घेऊन फिल्टरकडे आले. नवलही मागोमाग आले. ढीग उपसला जाईल तेव्हा आपण तिथे असावे, एवढेच त्यांच्या मनात असणार. नानांनी फावडे रोवायला उचलले.

ओट्यावरून इंदिराबाईंचा आवाज आला, “काय करतस?”

“काय म्हणजे? औसद टाकस. सांगेल नव्हतं का?”

“तठे रोटना पानी मुरेल शे.”

नाना थांबले. फावडे वरच राहिले असावे, कारण ते खाली आले नाही.

“बाजूले टाकस.”

“बाजूले म्हणजे कोठे? पानी काय तुमले इचारीसन मुरनं? बठ्ठी ओली माटी ती रोटनीच शे. येत्या श्रावणलोंग तठे ना फावडं, ना औसद, ना पाय. नवलभाऊ, तुम्हीबी हात धुयेल शेत ना तठे?”

“धुयेल शेत,” नवल म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता.

“मंग तुम्हीबी ध्यान ठेवा. कोनी गाडीवाला उना आनि खंदू लागना, तर पाप तुमले लागी.”

मग नाना म्हणाले, “म्हणजे मी बी खंदाना नही आनि तूबी खंदाना नही.”

“हाव,” नवल म्हणाले.

“मंग आते काय करूत?”

“चहा करा,” नवल म्हणाले.

नाना हसले. हसताना त्यांनी फावडे खाली टेकवले, आणि त्याचा हादरा माझ्यापर्यंत आला. तो कुदळीसारखा नव्हता. दोघांची पावले ओट्याकडे गेली. त्यांच्यातला संशय गेला असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर नवल बांधावर उभे राहिले की मोठ्याने हाक मारू लागले, “नाना, मी शे रे!” आणि ती गाडी पुन्हा आली तेव्हा नवलनीच तिला वाटेवरून परतवले. आपल्या जिवाला पाप लागेल म्हणून का होईना.

भाद्रपदात अंडी फुटली. सगळी नाही, पण पुष्कळ. पिल्ले ओल्या मातीतून सरकत फिल्टरच्या चरात गेली. मोहिनीला ती दिसली असावीत, कारण त्यानंतर फिल्टर धुण्यापूर्वी ती आधी पाय आपटते आणि पाणी एकदम न सोडता थोडे थोडे सोडते. ती कुणाला काही सांगत नाही. या घरातल्या बायका न सांगण्यात हुशार आहेत.

तरी माझ्या मनात एक प्रश्न वर्षभर राहिला. इंदिराबाईंनी ते माझ्यासाठी केले का? की खरेच त्यांचे हात दुखत होते आणि माती नरम होती? मी अंधारात हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला. कुणी आपल्यासाठी काही केले असेल, हे मानायला मला फार जड जाते. एका कुदळीने तेवढी सवय लावली आहे.

मित्रांनो, संशय सोडा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतः सोडलेला नाही, आणि त्याच्याच आधाराने इतकी वर्षे जगले. जमिनीखाली तुम्हाला काही वळवळताना दिसले, तर संशय जरूर घ्या. फक्त त्याच्या हातात कुदळ देऊ नका. त्याला आधी वाकून बघायला सांगा. चावले का, हे विचारायला सांगा. आणि मळ्यात एखादा ओला, कुजका, कुरूप कोपरा असेल तर तो लगेच साफ करू नका. तुम्हाला जो कचरा वाटतो, त्यात कुणाचे तरी छप्पर असेल.

आज पुन्हा कानबाईचा रविवार आहे. जुन्या खड्ड्याची मुदत संपली. मी यंदाही अंड्यांभोवती बसले आहे. नाही, अंडी आता नाहीत. माझे वय झाले. मळ्यात अंडी घालणारी दुसरी मादी अजून नाही, पिल्ले लहान आहेत. मी रिकाम्या पोकळीभोवतीच वेटोळे घालून बसते. सवय आहे.

घरातून पावले निघाली आहेत. डावा पाय किंचित घासतो आहे. खुरप्याचा वास आला नाही अजून. पावले अंगणात आली. तुळशीपाशी थांबली. तुळशीमागे माती भुसभुशीत आहे, हे मला माहीत आहे; गेल्या आठवड्यातच मोहिनीने ती खणून ठेवली होती. म्हणजे या वर्षी हात दुखण्याचे कारण नाही.

पावले अजून तुळशीपाशीच आहेत.

आता निघाली. इकडेच येत आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधी आमच्याकडे आलात तर असेच या. पाय वाजवत, सावकाश, कडेकडेने.